मोटारखान्यातला मारुती

५ आझर

दसरा झाला. महिन्यांची ही निजाम सरकारची नावे मला मोटारीच्या परवान्याने शिकवली. औरंगाबाद ते खुलताबाद माझी मोटार चालत होती तोवर प्रत्येक कागदावर आझर, दै, बहमन लिहावे लागे. मग मोठ्या बस रस्त्यावर आल्या, मोटार विकली, सवय तेवढी राहिली. मोटारखानाही राहिला आहे, रिकामा.

काल आम्ही नवराबायको लासूर स्टेशनला लेकीच्या सासरी सोने द्यायला गेलो होतो. आमच्या आशाला चौथा महिना चालू आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, हा सगळीकडचा रिवाज, म्हणून विहीणबाईंच्या कानावर घालून ठेवावे असे मनकर्णेच्या मनात होते. विहीणबाई, म्हणजे चतुराबाई, चांगल्या उंच. मनकर्णा त्यांना कुंकू लावायला उठली आणि तिचा उजवा हात छातीपर्यंत जाऊन थांबला. उन्हाळ्यात आडावर पाय घसरून पडल्यापासून तिचा खांदा धरलेला आहे. हाड सांधले, पण झोळीत बांधून ठेवलेला हात वर जायचेच विसरला. डाव्या हाताने कुंकू लावता येत नाही. शेवटी चतुराबाईंनीच वाकून कपाळ पुढे केले.

निघताना त्या वाईट काही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "विहीणबाई, तुमची वेणी सुदिक शेजारीण घालते. मग बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कोन घालणार? आशाचं हितंच होऊ द्या." खोटे त्यात काही नव्हते.

परतीच्या गाडीत मनकर्णा खिडकीबाहेर बघत बसली होती. तिचे मन दुसरीकडे वळावे म्हणून मी तिला माझा बेत सांगितला. स्टेशनाच्या पायऱ्या चढताना मला धाप लागली होती, पोटही सुटले आहे, तेव्हा मोटारखान्यात घरचीच तालीम काढायची. ती खिडकीबाहेरच बघत राहिली. तिला बेत पसंत पडला असावा.

११ आझर

कामाला हात घातला. चांदपाशा सकाळीच आला. हा माझ्या मोटारीचा मिस्तरी, आणि तरुणपणी खुलताबादच्या उरुसात कुस्त्या मारलेला गडी. आता औरंगपुऱ्यात त्याचे सायकलींचे दुकान आहे. मला म्हणाला, "बद्रीभाऊ, पोट कमी करायचं तर चालायला जाव. मोटारखाना काहून खोदायलेत?" मी म्हटले, चालणारे पुष्कळ आहेत, गावात घरची तालीम कोणाची आहे ते सांग. त्यावर त्याने कुदळ उचलली.

मोटारीखाली शिरून काम करायला आम्ही जो खड्डा खणला होता तोच रुंद केला. आता त्याचा कुस्तीचा हौदा होईल. इंजिन उचलायची मोठी कप्पी वरच्या तुळईला अजून लटकते आहे. ती काढू नको म्हणालो.

१९ आझर

घाटातली तांबडी माती गाडीभर आणली. चाळली, खडे वेचले. मग तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून कालवली. चांदपाशा पायाने मळत होता आणि मी सूचना देत होतो. सगळ्या घराला ताकाचा वास लागला आहे.

कोनाड्यात शेंदूर लावलेला मारुती बसवला. नारळ फोडला आणि नियम सांगून टाकले: चपला बाहेर, थुंकायचे नाही, आणि बायकांनी हौद्यात पाऊल घालायचे नाही. हा नियम माझा नव्हे, तालमीचा आहे. मनकर्णा दाराबाहेरच उभी होती. ती वर तुळईकडे बघत होती. कोळिष्टके दिसली असतील.

२ दै

तालीम आकाराला येते आहे. मोटारीच्या जुन्या आसाला दोन्ही टोकांना दातेरी चाके बसवली, ती उचलायला. सुताराने शिसवाच्या मुद्गलांची जोडी करून दिली. मोटारीच्या दिव्यातली आरशासारखी तबकडी भिंतीला लावली, तीत माझे पोट आहे त्याहून मोठे दिसते. कप्पीवरून दोर सोडून त्याला रेतीची गोणी बांधली. दोर ओढला की गोणी वर जाते, छातीला चांगले. दंड मात्र पाचाच्या वर जात नाहीत.

एक गोष्ट मनकर्णेने सुचवली, तिचे कौतुक वाटते. मोटारीचा रबरी फुग्याचा पोंगा माळ्यावर पडला होता. तो वाड्याच्या फाटकाला लावा म्हणाली, म्हणजे औरंगपुऱ्यातून परत आलात की वाजवा, मी दूध गरम करायला ठेवीत जाईन. मी दुपारी जेवून चांदपाशाच्या दुकानात जाऊन बसतो तो दिवस कलायच्या बेताला येतो. एवढ्या वर्षांत दूध गरम मिळायची ही पहिलीच वेळ.

९ दै

विचित्र प्रकार आहे. सकाळी मी हौदा उकरून, ढेकळे तशीच ठेवून गेलो होतो. संध्याकाळी पाहतो तर माती सपाट, हाताने थापटल्यासारखी. दोराला बांधलेली गोणी सोडून बाजूला ठेवलेली. मनकर्णेला विचारले. ती म्हणाली, मी कशाला जाऊ तिथं, तुम्हीच नियम केलाय. खरे आहे.

१३ दै

पुन्हा तेच. गोणी मी तिहेरी गाठ मारून बांधली होती, तीही सोडलेली. बाहेरून कोणी येणे शक्य नाही, फाटक मनकर्णेच्या डोळ्यासमोर असते.

चांदपाशाला सांगितले. तो आधी खूप वेळ दाढी खाजवत बसला. मग घरी जाऊन जोहराभाभीला विचारून येतो म्हणाला. जोहरा त्याची बायको, आमची शेजारीण, रोज सकाळी येऊन मनकर्णेची वेणी घालून जाते. तिला यातले काय कळणार, ते मला उमजले नाही. संध्याकाळी परत आला तो गंभीर चेहऱ्याने. म्हणाला, "भाऊ, जागा पाक हाये. कुनी मोठं मानूस येऊन कसरत करून जातंय. दुपारचं तिकडं फिरकू नका आनि वळून बघू नका."

मी विचारले, मोठे माणूस म्हणजे कोण? त्याने कोनाड्याकडे बोट केले.

मी भोळा नाही, पण माती सपाट झालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली आहे. गोणी का सोडली तेही कळले. त्याला असली गोणी म्हणजे पोरखेळ.

१४ दै

आजपासून दुपारी जाण्याआधी कोनाड्यात वाटीभर गूळ-फुटाणे ठेवायचे ठरवले.

१५ दै

वाटी रिकामी. नुसती रिकामी नव्हे, धुऊन पालथी घातलेली. मी हात जोडले. डोळ्यांत पाणी आले ते इथे लिहून ठेवतो, कोणाला सांगायचे नाही.

२४ दै

दंड बारा. पट्टा एक भोक आत गेला.

मनकर्णेला हल्ली पित्ताचा त्रास होतो. छातीत जळजळ, आंबट ढेकर. तिखट कमी खा म्हणून सांगितले. जोहराभाभीने आवळ्याच्या मुरंब्याची बरणी आणून दिली, त्याने थोडे बरे वाटते म्हणे. तिचा अंबाडाही हल्ली वाकडा असतो. भाभीचे लक्ष नसावे.

३ बहमन

चूक झाली. न्हाव्याकडे दाढी करताना माझ्या तोंडून मारुतीची गोष्ट निघून गेली. न्हाव्याला सांगणे म्हणजे दवंडी पिटणेच. आज दुपारी गल्लीतली सहासात माणसे नारळ घेऊन आली आणि मोटारखान्याच्या दारात बसली. परत जा तरी कसे म्हणावे? मीही त्यांच्यात बसलो. मनाला जरा बरेच वाटत होते, मोटार गेल्यापासून माझ्या दारात माणसे जमली नव्हती.

कोणी आले नाही. गूळ-फुटाण्यांना मुंग्या लागल्या.

८ बहमन

माणसे रोज येतात. भजन सुरू झाले आहे. माती जशी उकरून ठेवावी तशीच राहते. तो यायचा बंद झाला.

मनकर्णेचेही बिनसले आहे. आज भाकरी करपवली. मी काही बोललो नसताना एकदम म्हणाली, "आशाला सातवा लागंल आता. लोकायला भजनाला दुसरी जागा नाय का?" आशाचा आणि भजनाचा संबंध मला कळला नाही. पण ती चुलीकडे तोंड करून रडत होती. मी पाठीवरून हात फिरवायला गेलो तर खांदा आवळून दूर झाली, दुखते म्हणाली. मागच्या आठवड्यात तर दुखत नव्हता.

रात्रभर वाईट वाटत राहिले. आशा इथे येणार नाही, हे तिने मनात पक्के धरले आहे. मी तालीम काढली, पट्टा आवळला, पण तिच्यासाठी काय केले? मला करता येण्यासारखे काही दिसतही नाही. मोटार बिघडली तर मी रात्रभर तिच्याखाली पडून राहीन, पण माणसाचा खांदा कसा उघडून बघणार?

९ बहमन

चांदपाशा आला आणि भजनाच्या मंडळींना त्याने दोन वाक्यांत उठवले. म्हणाला, "तो ब्रह्मचारी हाये, त्याला गर्दी खपत नाय. तुमच्यापाई तो कायमचा गेला तर जबाबदारी कुनाची?" सगळे गपचूप गेले.

मग मला बाजूला घेऊन त्याने मोटारखान्याला कुलूप लावायला सांगितले. किल्ली मनकर्णेकडे द्यायची, हेही त्यानेच सुचवले. मला पटले. माझ्याजवळ किल्ली असली तर एखाद्या दुपारी डोकावल्याशिवाय मला राहवणार नाही. मी किल्ली दिली तेव्हा मनकर्णेने ती लगेच कमरेला खोचली आणि मला दुसरी भाकरी वाढली, करपलेली नव्हती ती.

१० बहमन

आला. माती सपाट, वाटी पालथी.

२१ बहमन

जोहराभाभी सकाळची यायची बंद झाली. बायकांचे भांडण झाले की काय, म्हणून मी चांदपाशाला आडून विचारले. तो इतका हसला की त्याच्या हातातला सायकलचा पंप खाली पडला. हसण्यासारखे काय आहे ते त्याने सांगितले नाही. मला कुस्तीतले डाव शिकवायचे टाळतो आणि असा हसतो.

मनकर्णेचे पित्त मात्र जात नाही.

४ इस्फंदार

लासूरहून निरोप आला. सातव्याची ओटी माहेरी भरायची, म्हणून संक्रांतीला चतुराबाई आशाला घेऊन येणार आहेत. दोन दिवस राहून तिला परत नेणार, अशी बोली आहे. मनकर्णेने निरोप ऐकला आणि किल्ली घेऊन कुठेतरी गेली.

१४ इस्फंदार

आज घडले ते नीट लिहितो.

ओटी काल थाटात झाली. आशाचे तोंड भरले आहे, चालताना कमरेवर हात ठेवते, अगदी तिच्या आईसारखी. दोन्ही दिवस मनकर्णेने उजवा हात पदराखाली ठेवला होता. वाढायला जोहराभाभी होती. चतुराबाईंचे सगळ्यावर लक्ष होते, पण त्याही विषय काढत नव्हत्या. आशा मधूनच आईकडे बघे आणि नजर खाली घाली. पोरीला राहायचे होते. मला ते बघवेना म्हणून मी दोनदा गुरांना पाणी पाजायला गेलो, आणि आमच्याकडे जनावर एकच आहे.

आज दुपारी टांगा दाराशी आला. आशाचे गाठोडे ओट्यावर आणून ठेवले. निघणाऱ्या सवाशिणीला कुंकू लावायचे असते. मनकर्णा कुंकवाची कोयरी घेऊन चतुराबाईंसमोर उभी राहिली. चतुराबाई ताठ उभ्या होत्या. या वेळी त्या वाकल्या नाहीत. मला त्यांचा राग आला, आणि मग दिसले की त्यांचे ओठही घट्ट आवळलेले आहेत. त्यांनाही ते बघवत नव्हते, पण बघायचे तर होते.

मनकर्णेने पदराखालून हात काढला. तो वर जाऊ लागला. छातीशी आला, तिथे थांबला नाही. गळ्याशी आला, हनुवटीशी आला. तिच्या कपाळावर घाम होता. ती टाचा उचलून उभी राहिली आणि तिने चतुराबाईंच्या कपाळाला कुंकू लावले, ठसठशीत, जराही न विस्कटता. मग त्याच हाताने तिने त्यांच्या डोक्यावरून घसरलेला पदर वर ओढून नीट केला.

चतुराबाईंनी टांग्याकडे मान वळवली. मग टांगेवाल्याला म्हणाल्या, "ते गाठोडं नको घेऊ. आशा हितंच ऱ्हानार हाये, बाळंतीण होईपत्तर." आणि मनकर्णेचा तो हात त्यांनी दोन्ही हातांत धरला.

आशा रडायला लागली, मनकर्णा रडायला लागली, जोहराभाभी तर आधीपासूनच रडत होती. मी कोणाकडेच बघत नव्हतो. मनकर्णेने टाचा उचलल्या तेव्हा मला तिच्या टाचांच्या भेगा दिसल्या होत्या. भेगांत तांबडी माती होती, तेल-ताकाने मळलेली. सगळ्या औरंगाबादेत तशी माती एकाच ठिकाणी आहे.

टांगा गेला तरी मी फाटकाशी उभा होतो. पोंगा माझ्या हाताशीच होता; माझी चाहूल लागावी म्हणूनच तो तिने लावून घेतला होता. गोणी का सोडलेली असे, ते मला तिथे उभ्या उभ्या कळले. दोराची दोन्ही टोके मोकळी हवीत. एका टोकाला दुखरा हात, दुसऱ्याला चांगला. चांगल्याने ओढायचे आणि दुखऱ्याला वर न्यायचे, रोज बोटभर. पायांच्या खुणा राहू नयेत म्हणून नंतर माती थापटून टाकायची. आडावर सारा जन्म पाणी शेंदलेल्या बाईला कप्पी कशी वापरावी हे कोणी शिकवायला नको होते. आणि मी दाराशी तिला नियम सांगत होतो.

चांदपाशाला सगळे ठाऊक होते. उद्या त्याला बघून घेतो.

१५ इस्फंदार

चांदपाशाला बघून घेतले नाही. त्याच्या दुकानात गेलो, तो काही बोलायच्या आत मला रडू आले, मग त्याने चहा मागवला.

परत येऊन मनकर्णेकडे किल्ली मागितली, दंड काढायचेत म्हणालो. दोर पाहिला. टोकाशी काथ्या उसवून बोचरा झाला आहे. माझे जुने मऊ धोतर फाडून दोन्ही टोकांना गुंडाळले, वरून सुतळीने आवळून बांधले. रेतीची गोणी उचलून कोपऱ्यात नेऊन टाकली. किल्ली परत दिली. जाताना गूळ-फुटाण्यांची वाटी नेहमीसारखी ठेवली, आज जरा जास्त. तिला यातले काही बोललो नाही.

१६ इस्फंदार

वाटी पालथी होती.

२६ अर्दिबेहेश्त

आशाला मुलगी झाली, त्याला आता दहाबारा दिवस झाले. लिहायला फुरसत कोणाला आहे?

आज सकाळी मनकर्णा पाय पसरून पाटावर बसली, पोरीला पायांवर घेतले, आणि मला पाणी घालायला सांगितले. आशा खाटेवरून बघत होती. मनकर्णा उजव्या हाताने तेल चोळत होती, पोर वळवत होती, तो हात कुठेच अडत नव्हता. पोर किंचाळत होती तरी मला सगळे घर शांत वाटत होते. माझ्या आयुष्यात मी एवढा सुखी कधी नव्हतो, मोटार घेतली त्या दिवशीसुद्धा नाही.

पोरीला दुपट्यात गुंडाळून आशाकडे दिले, आणि पदराने हात पुसत, माझ्याकडे न बघता, मनकर्णा म्हणाली, "दोराला धोतर गुंडाळलं ते बरं केलं. हाताला लई बोचत होतं."

मी तांब्या खाली ठेवला.

"आनि एक सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "वाटीत आता गूळ नका ठेवू. मला गुळानं पित्त होतं."

मी म्हटले, मग इतके दिवस खात कशाला होतीस? टाकून द्यायचा होतास.

"कसा टाकनार? मुंग्या लागल्या व्हत्या तवा तुमचं तोंड पाह्यलं व्हतं मी. वाटी भरलेली दिसली असती तर तुमाला वाटलं असतं, मारुती रुसला."

एवढे बोलून ती दुपटी वाळत घालायला गेली. दोरी उंच आहे. तिने हात वर केला आणि एकेक दुपटे टाकत राहिली, मी बघतच राहिलो.

दुपारी औरंगपुऱ्यात गेलो नाही. कोनाड्यातला मारुती पुसला, नवा शेंदूर लावला. तो इथे आलाच नव्हता असे मला अजूनही म्हणवत नाही. मग स्वयंपाकघरात जाऊन आवळ्याच्या मुरंब्याची बरणी उघडून पाहिली. तळाशी थोडा उरला आहे. उद्या वाटीत तो ठेवीन.